डाव्या हाताची शेवटची तीन बोटं

शनिवारी सकाळी गोल्फच्या कुठल्याही रेंजवर (सरावाच्या मैदानावर) जाऊन नुसतं बघत उभं राहावं. कुणी खांदे वळवायचा सराव करतंय, कुणी मोबाइल बॅगेला टेकवून आपलाच स्विंग संथ गतीने तपासतंय, कुणी शेजाऱ्याला कंबर कशी फिरवायची ते समजावतंय. क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, हातात घ्यायला मात्र प्रत्येकाला दोनच सेकंद लागतात. बॅगेतून काढला, मूठ आवळली, मारला. चेंडू उजवीकडे वळत जाळीत गेला की खापर खांद्यावर, कमरेवर, नाहीतर बादलीतल्या घासलेल्या चेंडूंवर फुटतं.

बहुतेक वेळा दोष त्या दोन सेकंदांत असतो. गोल्फमध्ये पाया म्हणून चार-पाच गोष्टी सांगतात: पकड, उभं राहण्याची ढब, रोख, चेंडूची जागा, तोल. त्यात पहिला क्रम पकडीचा, आणि दुसऱ्या क्रमांकाची गोष्ट तिच्यापासून बरीच लांब आहे. रोख चुकला तर मागे उभा असलेला कॅडी सांगतो. चेंडू फार पुढे ठेवला असेल तर नजरेला दिसतो. पकड चुकली की बाकीचं सगळं शरीर ती चूक झाकायला कामाला लागतं, आणि मग माणूस वर्षानुवर्षं ती झाकपाकच दुरुस्त करत बसतो.

(एक खुलासा. क्लबवर चढवलेल्या रबरालाही 'ग्रिप' म्हणतात आणि हाताने धरण्यालाही. गोंधळ नको म्हणून इथे हाताची ती पकड आणि रबराची ती ग्रिप. सगळं वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.)

चेंडू आणि क्लबफेस (चेंडूला लागणारी क्लबची बाजू) यांची गाठ पडते ती सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागापुरती. वरून खाली येणारा स्विंग पाव सेकंदात आटोपतो. तेवढ्या वेळात "फेस उघडा आहे, जरा मिटवू" असा विचार करून हात हलवणं कुणाच्याच बापाला जमत नाही. फेस चेंडूपाशी कसा पोचणार, उघडा (उजवीकडे वळलेला) की मिटलेला (डावीकडे), हे क्लब हलायच्या आधीच बरंचसं ठरलेलं असतं. आणि चेंडू कुठल्या दिशेला निघणार हे मुख्यतः फेस ठरवतो. ड्रायव्हरच्या (सगळ्यात लांब मारायच्या क्लबच्या) बाबतीत साधारण ८५ टक्के, आयर्नच्या (पातळ पात्याच्या क्लबच्या) बाबतीत ७५ टक्के. स्विंगच्या मार्गाचा वाटा उरलेला. निघण्याची दिशा १ अंशाने चुकली तर २०० मीटरवर चेंडू साडेतीन मीटर बाजूला जातो. ५ अंशांनी चुकली तर साडेसतरा मीटर, म्हणजे मधोमध रोख धरूनही बहुतेक फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) बाहेर. त्यात हवेतलं वळण अजून धरलेलंच नाही.

क्रिकेटचा हात

नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला लोक आजही 'गोल्फ क्लब' म्हणतात आणि तिथे खेळतात क्रिकेट. आपल्याकडच्या बहुतेक गोल्फरांचंही तसंच असतं: नाव गोल्फचं, हात क्रिकेटचा.

बॅट किलोभराहून जड असते. ती तळहातात घट्ट बसवावी लागते आणि मुठीत धरली तरी चालून जाते. ड्रायव्हर जेमतेम ३००-३२० ग्रॅमचा, त्यातलं डोकं २०० ग्रॅमच्या आसपास. एवढ्या हलक्या वस्तूला मूठ लागत नाही. पण लहानपणापासून दांडा दिसला की हात आपोआप मूठ वळतो, आणि क्लब तळव्याच्या मधोमध जाऊन बसतो. दुसरी सवय उजव्या हाताची. चेंडू मिडविकेटवरून उचलून मारायचा तर खालचा हात दांड्याखाली सरकतो, तळवा आभाळाकडे होतो. क्लबवर हेच झालं की कधी झाडात घुसणारा हुक (डावीकडे जोरात वळणारा चेंडू) निघतो, तर कधी त्या हुकच्या धास्तीने हात अडवला जाऊन चेंडू सरळ उजवीकडे ढकलला जातो. एकाच फेरीत दोन्ही टोकं बघणारी मंडळी बहुधा या वर्गातली.

डावा हात, सावकाश

सात नंबरचं आयर्न घ्या. ड्रायव्हर नको, त्याची कड गोलसर असते, फेस सरळ आहे की नाही ते नीट कळत नाही. क्लब जमिनीवर टेकवा, फेसची खालची कड लक्ष्याच्या रेषेशी काटकोनात येऊ द्या, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी रबराच्या खाली शाफ्ट (क्लबची दांडी) धरून ठेवा. आता तो हलता कामा नये.

डावा हात खांद्यातून सैल सोडा. पंजा किंचित आत, मांडीकडे वळलेला दिसेल. कुणाचा जास्त वळतो, कुणाचा कमी. तो जसा लोंबतोय तसाच पुढे न्या आणि हँडलला लावा. इथे बहुतेक जण पंजा वळवून 'बरोबर दिसेल' असा बसवतात आणि चूक तिथेच सुरू होते. स्विंगमध्ये वेग आला की हात आपल्या मूळच्या लोंबत्या अवस्थेकडे जायला बघतो, आणि जाताना फेसलाही सोबत फिरवतो.

हँडल बोटांवर तिरकं बसतं. तर्जनीच्या मधल्या सांध्यापासून निघतं आणि करंगळीच्या मुळाशी, तळव्याच्या गादीच्या खालून बाहेर पडतं. गादी म्हणजे करंगळीच्या बाजूचा, मनगटाजवळचा मांसल भाग. बोटं मिटली की ही गादी हँडलच्या वर आली पाहिजे, बाजूला नव्हे. सगळी खुबी या एका गोष्टीत आहे. गादी वरून दाबते, करंगळी, अनामिका आणि मधलं बोट खालून वर ओढतात, आणि क्लब या दोन जोरांमध्ये अडकून राहतो. म्हणून फार न आवळताही तो निसटत नाही.

तपासायला सोपं आहे. क्लब समोर कमरेच्या उंचीवर आडवा धरा. मग अंगठा आणि बाकीची सगळी बोटं उघडा. फक्त वाकवलेली तर्जनी खाली आणि गादी वर ठेवा. क्लब तोलून राहिला तर हँडल जागेवर आहे. घसरला, किंवा मूठ मिटल्याशिवाय पेलवत नसला, तर तो तळव्यात शिरलाय.

तळव्यात शिरल्याने नेमकं काय बिघडतं? मनगट वर-खाली मोकळं हलत नाही. हातोडी धरून बघा. बोटांत धरली तर मनगटातून टोला पडतो; तळव्यात मूठ वळून धरली तर सगळा हात कोपरातून उचलावा लागतो. क्लबचंही तसंच होतं. वर जाताना मनगट मुडपत नाही, म्हणून हात उचलले जातात. खाली येताना क्लब सुटत नाही, म्हणून खांदे पुढे पडतात आणि क्लब बाहेरून आत कापत येतो. फेस उघडा राहतो. म्हणजे स्लाइस (उजवीकडे वळत जाणारा चेंडू), शिवाय अंतरही जातं. रेंजवर "खांदे लवकर उघडतायत" असं ज्यांना वारंवार ऐकावं लागतं, त्यांतल्या पुष्कळांनी आधी हातमोजा काढून तळव्याकडे बघावं.

अंगठा हँडलच्या अगदी माथ्यावर ठेवायचा नाही. वरून बघताना हँडलवर घड्याळ आहे असं समजा: अंगठा साडेबारा ते एकच्या मध्ये, म्हणजे माथ्याच्या थोडा उजवीकडे. तो पूर्ण ताणून लांब ठेवू नये. एकदा ताणा आणि मग सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर मागे ओढा. मागे ओढताना गादी आपोआप वर बसते. अंगठा फार लांब राहिला तर क्लब वर जाऊन जास्तच लवंडतो, आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागतं.

आता मान न वाकवता खाली बघा. डाव्या पंजाच्या मागच्या बाजूला बोटांच्या मुळाचे उंचवटे दोन ते अडीच दिसले पाहिजेत. एकच दिसत असेल तर हात फार डावीकडे आहे. चारही दिसत असतील तर फार उजवीकडे. मोजताना डोकं किंवा मनगट तिरकं करून स्वतःला फसवू नका. फारच शंका वाटली तर आरशासमोर उभे राहा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये पडणारी चीर उजवा कान आणि उजवा खांदा यांच्या दरम्यान रोखलेली असावी. आणि हँडलचं टोक हाताबाहेर सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर उरलेलं असू द्या. करंगळी टोकावर किंवा टोकाबाहेर लटकत असेल तर स्विंगच्या वरच्या टोकाला ती नक्की सुटते.

उजवा हात

इथे काम थोडकं आहे. उजवा हात बाजूने आणा, तळवा लक्ष्याकडे. हँडल मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या मुळाशी, पूर्ण बोटांत. मग तळवा मिटवा. आयुष्यरेषेची खोबण डाव्या अंगठ्यावर झाकणासारखी बसली पाहिजे. हात नीट बसले असतील तर डावा अंगठा दिसतच नाही. उजवा अंगठा माथ्याच्या किंचित डावीकडे, अकराच्या आसपास. तर्जनी बाकीच्या बोटांपासून थोडी फटकून, बंदुकीच्या घोड्यावर ठेवल्यासारखी. उजव्या हाताची चीरही डाव्याच्याच दिशेला रोखलेली हवी. एक खांद्याकडे आणि दुसरी हनुवटीकडे असेल तर दोन हात एकमेकांविरुद्ध ओढतात, आणि त्या दिवशी कोण जिंकेल त्यावर चेंडूची दिशा ठरते.

उजव्या अंगठ्याने आणि तर्जनीने चिमटा काढायची सवय फार चिवट असते. लिहिणं, चावी फिरवणं, मोबाइल धरणं, सगळं आपण त्याच दोन बोटांनी करतो. पण क्लबवर ती दोन दाबली की हाताचा पुढचा भाग खांद्यापर्यंत ताठ होतो. ही दोन बोटं हँडलवरून पूर्ण उचलून वेजने (जवळच्या, उंच फटक्यांच्या क्लबने) वीस-पंचवीस छोटे फटके मारा. सुरुवातीला क्लब पडेल असं वाटतं, पण पडत नाही.

दोन हात कसे जोडायचे

याला मी फार महत्त्व देत नाही. तीन प्रकार आहेत. उजवी करंगळी डाव्या तर्जनी आणि मधल्या बोटामधल्या खाचेवर ठेवायची, याला हॅरी व्हार्डनचं नाव पडलं. त्याने १८९६ ते १९१४ या काळात ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकली, त्यामुळे पकड त्याच्या नावावर गेली. खरं तर जॉनी लेडले हा स्कॉटिश हौशी खेळाडू त्याच्या आधीपासून तसाच धरत असे. दुसरा प्रकार करंगळी आणि तर्जनी एकमेकींत अडकवण्याचा. जॅक निकलॉस आणि टायगर वुड्स दोघेही असंच धरतात. तिसऱ्यात दहाही बोटं हँडलवर, हात फक्त एकमेकांना चिकटलेले. लहान मुलं, लहान पंजाची माणसं आणि सांधे दुखणारी ज्येष्ठ मंडळी यांना हा शेवटचा प्रकार सोयीचा पडतो, त्यात कमीपणा नाही.

फक्त अडकवणाऱ्यांनी एक जपावं. करंगळी पार मुळापर्यंत खुपसली की दोन्ही हातांत हँडल बोटांतून सरकून तळव्यात जातं, आणि डाव्या हातावर घेतलेली सगळी मेहनत वाया जाते. पहिल्या-दुसऱ्या पेरापर्यंत अडकवणं पुरे.

स्ट्राँग, वीक आणि होगनची नक्कल

या दोन शब्दांनी पुष्कळ नुकसान केलंय. स्ट्राँग पकड म्हणजे आवळून धरणं नव्हे आणि वीक म्हणजे सैल नव्हे. दोन्ही हात हँडलवर उजवीकडे फिरवले तर स्ट्राँग, डावीकडे फिरवले तर वीक. जोराचा काही संबंध नाही. उजवीकडे फिरवलेले हात चेंडूपाशी येताना फेस मिटवायला बघतात, डावीकडचे उघडा ठेवतात.

बेन होगनला कारकिर्दीच्या सुरुवातीला हुकने छळलं होतं. त्याने उपाय म्हणून डावा हात वीक बाजूला आणला, अंगठा आखूड केला. १९४८ मध्ये तो यूएस ओपन जिंकला, फेब्रुवारी १९४९ मध्ये मोटार अपघातात मरता मरता वाचला, १९५० मध्ये मेरियनला पुन्हा यूएस ओपन जिंकला, आणि १९५३ मध्ये तर एकाच वर्षात तीन मेजर (सगळ्यात मोठ्या चार स्पर्धांपैकी तीन). साहजिकच जगभर त्याच्या पकडीची नक्कल झाली. पण ते औषध हुकवाल्याचं होतं. हौशी खेळाडूंत स्लाइसवाले कितीतरी जास्त, आणि त्यांनी तोच डोस घेतला. आधीच उघडा राहणारा फेस आणखी उघडला. अजूनही कुणी "प्रो लोक असंच धरतात" म्हणून तुमचा डावा हात डावीकडे वळवून दिला, तर आधी तुमचा चेंडू कुठे वळतो ते त्याला विचारा.

दुसऱ्या टोकाला पॉल एझिंगर, बर्नहार्ड लँगर, डेव्हिड ड्यूव्हल यांच्या पकडी चांगल्याच स्ट्राँग होत्या आणि तिघांनीही मेजर जिंकल्या. याचा अर्थ कसंही धरलं तरी चालतं असा नाही. स्ट्राँग धरणाऱ्याने शरीर जोरात फिरवत ठेवून हातांना गप्प ठेवावं लागतं; वीक धरणाऱ्याने हाताचा पुढचा भाग फिरवून फेस स्वतः मिटवावा लागतो. तुमची कंबर पंचविशीतल्यासारखी फिरत असेल तर पहिला पर्याय पेलेल. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसासाठी अडीच उंचवटे, क्वचित तीन, हीच जागा बरी. दोनच्या खाली जाऊ नका.

किती आवळायचं

दहापैकी चार. रफमध्ये (लांब गवतात) सहा, चिपला (ग्रीनजवळच्या छोट्या फटक्याला) तीन. आकडे आपले अंदाजाचे. खरी अडचण अशी की चारने सुरुवात करणारा माणूस चेंडूपाशी येईस्तोवर नऊवर पोचलेला असतो. तो बदल घातक असतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत सहा असलेला हात चारवरून नऊवर उडी मारणाऱ्या हातापेक्षा बरा.

उकडीच्या मोदकाची पारी हातात घेऊन कळ्या पाडताना बोटं जशी असतात, तशी क्लबवर असावीत. जास्त दाबलं तर पारी फाटते, कमी दाबलं तर कळी उभी राहत नाही, आणि तळवा त्या कामात नसतोच. दाब नेमका कुठे हवा? डाव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांत आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांत. बाकीची पाच बोटं पाहुणी.

वरच्या टोकाला डावी करंगळी-अनामिका उघडण्याची चूक स्वतःला कळत नाही. जुन्या स्कोअरकार्डाचा बोटभर तुकडा घडी करून डावा अंगठा आणि उजव्या तळव्याची खोबण यांच्यामध्ये ठेवा आणि अर्धा स्विंग करा. तुकडा वर असतानाच पडला तर हात वेगळे होतायत. डाव्या गादीखाली दुसरा तुकडा ठेवला की बोटं उघडतात का तेही समजतं.

नवी पकड आणि डावीकडे जाणारा चेंडू

पकड सुधारायला गेलेले दहापैकी सात-आठ जण पंधरा दिवसांत जुन्यावर परत येतात, असं बघण्यात आहे. कारण आळस नाही. कारण चेंडू डावीकडे जायला लागतो.

हे असं होतं. वीक, तळव्यातल्या पकडीने चेंडू वर्षभर उजवीकडे वळत होता. मेंदूने त्यावर आपला तोडगा काढला: पाय डावीकडे रोखले, क्लबही डावीकडे ओढायला सुरुवात केली, म्हणजे चेंडू डावीकडून निघून वळत वळत मध्ये येईल. आता पकड नीट केली. फेस त्या मार्गाच्या मानाने उघडा राहिला नाही, वळण संपलं. पण मार्ग अजून डावीकडेच आहे. चेंडू डावीकडे निघतो आणि डावीकडेच सरळ जातो. माणूस म्हणतो, "या नव्या ग्रिपने हुक होतोय," आणि हात पुन्हा डावीकडे वळवतो.

तो हुक नसतो. चेंडू डावीकडे निघून सरळ गेला तर तो पुल: पकड बरोबर, मार्ग आणि रोख चुकीचा. आता जमिनीवर एक काठी लक्ष्याच्या रेषेला समांतर ठेवा, पाय तिच्याशी जुळवा, आणि क्लब आतून येऊ द्या. चेंडू सरळ किंवा उजवीकडे निघून मग डावीकडे वळला तरच तो हुक, आणि तेव्हाच पकड तुमच्या मानाने जास्त स्ट्राँग झालीय असं समजा. तेव्हाही एकदम नाही. हात चार-पाच मिलिमीटर डावीकडे आणा, एवढंच. म्हणजे चेंडू कुठे पडला यापेक्षा कुठून निघाला आणि कुणीकडे वळला हे आधी बघायचं.

वेळापत्रक साधारण असं ठेवावं. पहिला आठवडा चेंडूच नको. घरी बातम्या बघता बघता क्लब घ्या, पकड जमवा, सोडा, पुन्हा जमवा; रोज वीस वेळा. दुसऱ्या आठवड्यात नऊ नंबर किंवा पिचिंग वेजने तीस-चाळीस मीटरचे फटके, कमरेपासून कमरेपर्यंत, आणि प्रत्येक फटक्यानंतर हात पूर्ण काढून नव्याने पकड. बादलीतले पन्नास चेंडू असे मारायला पाऊण तास तरी लागला पाहिजे. तिसऱ्या आठवड्यात सात नंबर, पाऊण स्विंग. ड्रायव्हर सगळ्यात शेवटी. पहिले काही दिवस हात परके वाटणार. परके वाटलेच नाहीत तर पकड बदललेलीच नाही.

हातमोजा आणि घट्टे काय सांगतात

वापरलेला हातमोजा उलटा करून उजेडात बघा. गादीच्या जागी भोक पडलंय? क्लब तळव्यात आहे आणि प्रत्येक फटक्याला तिथे घासतोय. अंगठ्याचा वरचा भाग झिजलाय? अंगठा दाबला जातोय किंवा फार लांब आहे. शेवटच्या तीन बोटांच्या मुळाशी हलका, सारखा झिजलेला पट्टा दिसला तर बरं चाललंय. हाताच्या घट्ट्यांचंही तेच गणित. उजव्या तर्जनीच्या बाजूला मोठा घट्टा असेल तर चिमट्याची सवय गेलेली नाही. मोजा घेताना तळव्यावर सुरकुती पडणार नाही इतका घट्ट घ्या, आणि पट्टी पूर्ण शेवटपर्यंत चिकटत नाही असा बघा. चामडं सैल होतं तेव्हा ती उरलेली जागा कामी येते.

रबर झिजून गुळगुळीत झालं की हात आपोआप आवळतात, मग वर लिहिलेलं सगळं फुकट. पंधरा दिवसांतून एकदा कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश. नीट पुसून सावलीत वाळवा. एवढ्यानेही चिकटपणा परत आला नाही तर ग्रिपा बदला. नियमित खेळणाऱ्याला वर्षातून एकदा तरी बदलाव्या लागतात. घरीसुद्धा जमतं: वाकड्या पात्याने जुनं रबर कापा (पातं शाफ्टपासून लांब धरून; ग्रॅफाइटवर ओरखडा पडला तर शाफ्ट कमजोर होतो), जुनी टेप खरवडून काढा, दोन्ही बाजूंनी चिकटणारी नवी टेप लावून टोकाला सेंटीमीटरभर आत दुमडा, ग्रिपमध्ये आणि टेपवर रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन ओता आणि एका दमात सरकवा. पेट्रोल नको, भडकतं. सरळ बसवायला मिनिटभर मिळतो, तेवढ्यात नक्षी फेसशी जुळवून घ्या. ती तिरकी बसली तर तुमची पकडही रोज त्या नक्षीच्या मागे तिरकी जाणार.

जाडी बघायला डाव्या हाताने क्लब धरा. मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक अंगठ्याच्या मुळाच्या फुगीर भागाला जेमतेम टेकलं पाहिजे. रुतत असेल तर ग्रिप बारीक, फट राहत असेल तर जाड. साध्या ग्रिपचा व्यास वरच्या टोकापासून दोन इंचांवर साधारण ०.९ इंच असतो, मिडसाइज त्याहून एक सोळांश इंच जाड. मधलं माप हवं तर खाली मास्किंग टेपचा एक थर जास्त गुंडाळा; व्यास सुमारे ०.४ मिलिमीटर वाढतो. जाड ग्रिपने हुक जातो आणि बारीक ग्रिपने स्लाइस जातो असा जुना समज आहे. काहींना तसा फरक पडतो, काहींना अजिबात नाही. हाताला बेताची वाटते ती घ्या.

मुंबईच्या दमट हवेत आणि पुण्याच्या पावसाळ्यात दोन मोजे आलटून पालटून वापरा. भिजलेला चामडी मोजा उन्हात किंवा गाडीच्या काचेखाली टाकला की पापड होतो. पंख्याखाली, बोटं सरळ करून वाळवा. जून ते सप्टेंबर खेळणार असाल तर पावसाळी मोज्यांची जोडी घ्या. ते दोन्ही हातांत घालायचे असतात आणि ओले झाले की उलट जास्त धरतात. दोरा विणलेली ग्रिपही घामाला चांगली, फक्त मऊ हातांना बोचते. ग्रिपवर रुमाल किंवा टॉवेल गुंडाळून मारायलाही नियमांची आडकाठी नाही. बोटांच्या आकाराचे खळगे असलेली सरावाची ग्रिप मात्र फेरीत वापरता येत नाही; ती घरीच ठेवा.

बंकर, चिप, पटर

बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) क्रम महत्त्वाचा. आधी फेस उघडा, मग पकड घ्या. बहुतेक जण नेहमीची पकड घेतात आणि मग मनगटं वळवून फेस उघडल्यासारखं करतात. खाली येताना हात मूळ जागेवर परतात, फेस सरळ होतो, कड वाळूत रुतते आणि चेंडू तिथेच. क्लब समोर धरा, उजव्या हाताने शाफ्ट फिरवून फेस आभाळाकडे करा, आणि मग डावा हात वर सांगितल्याप्रमाणे लावा. हँडलवरची नक्षी आता वाकडी दिसेल, दिसू द्या.

चिपला दोन्ही हात सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर खाली आणि किंचित डावीकडे घेतले की फेस मिटत नाही, चेंडू मऊ पडतो.

पटरला (चेंडू होलमध्ये ढकलायच्या क्लबला) सगळंच उलटं. तिथे मनगट हलायलाच नको, म्हणून हँडल मुद्दाम तळव्यात, दोन्ही हातांच्या आयुष्यरेषेतून न्यायचं, म्हणजे शाफ्ट हाताच्या पुढच्या भागाच्या सरळ रेषेत येतो. डावी तर्जनी उजव्या हाताच्या बोटांवर बाहेरून सरळ टेकवा. दोन्ही अंगठे हँडलच्या सपाट बाजूवर, खाली रोखलेले. अशी सपाट बाजू नियमांनी फक्त पटरच्या ग्रिपला ठेवू दिली आहे. बाकी सगळ्या क्लबांना ग्रिप गोलच हवी.